‘देवराई’ आणि तिसरा रकाना

एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, कासारवाडीतल्या आम्ही दहा-बारा शिक्षकांनी एकत्र बसून ‘देवराई’ हा चित्रपट पाहिला. वर्ग रेल्वे रुळांच्या बाजूचा. दर थोड्या वेळाने लोकल जाई आणि तेवढे संवाद बुडून जात. तरी कोणी उठले नाही. चित्रपट संपल्यावर बराच वेळ सगळे गप्प होते. मग गणिताच्या बाई म्हणाल्या, “त्याला त्या जंगलाचंच वेड लागलं ना? मग आधी ते जंगल त्याच्या डोक्यातून काढायला हवं होतं.”

हा प्रश्न भाबडा नाही. आजारी मुलाच्या घरी हेच घडते. मुलगा रात्रंदिवस चित्रे काढत होता, तर रंग माळ्यावर जातात. रेडिओ उघडून बसत होता, तर पेचकस लपवला जातो. चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देतो का, हे पाहण्यासाठी मी ‘देवराई’ पुन्हा पाहिला. तेव्हा जे जाणवले ते शिक्षकांपुढे मांडावेसे वाटते.

चित्रपट कशाचा?

‘देवराई’ २००४ सालचा. दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. त्यामागे पुण्याच्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’चे काम होते. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ही संस्था १९९७ मध्ये सुरू केली. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. म्हणजे चित्रपटाची मुळे एका मराठी घराच्या अनुभवात आहेत, आणि ते पडद्यावर दिसते.

कोकणातला शेष (अतुल कुलकर्णी) हुशार आहे, झाडांत रमणारा आहे. गावच्या देवराईचा अभ्यास करण्याचे त्याच्या मनात आहे. हळूहळू त्याचे मन भ्रमांच्या आणि भीतीच्या ताब्यात जाते. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते, मनोविकारतज्ज्ञाकडे नेते. तिचा संसार, नवरा, तिची स्वतःची थकलेली माया, या सगळ्यांतून कथा पुढे जाते.

या चित्रपटाला २००४ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण-संरक्षणविषयक चित्रपटांच्या गटात. मनाच्या आजारावरचा चित्रपट आणि पुरस्कार पर्यावरणाचा! यात गंमत आहे, पण चूक नाही. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले रान. चित्रपटात ती शेषच्या मनाची खूण होते. दोन्ही दाट, गुंतागुंतीची, आणि एकदा मोडली की सहज न उभी राहणारी.

काय उत्तम जमले आहे

पहिली गोष्ट म्हणजे चित्रपट आजाराला आजार म्हणतो. करणी, बाधा, लाड, आळस यांपैकी काहीही न म्हणता. ‘स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसे’ ही समजूत चित्रपटांनीच पसरवली. तिचा येथे मागमूस नाही. दुसरी गोष्ट, शेष हा खुनशी किंवा विनोदी वेडा नाही. तो चिडतो, घाबरवतो. पण त्याआधी तो स्वतःच घाबरलेला असतो, हे अतुल कुलकर्णींच्या डोळ्यांत दिसते. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सीना. रुग्णाची काळजी घेणाऱ्याला राग येतो, कंटाळा येतो, अपराधी वाटते. एवढे प्रामाणिकपणे हे मराठी पडद्यावर क्वचितच आले असेल. भावे चित्रपटांकडे वळण्यापूर्वी पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत शिकवत होत्या. घरात शिरून माणसे पाहण्याची त्यांची सवय येथे कामाला आली आहे.

पुढे जाण्यापूर्वी आजाराविषयी थोडेसे. माणसाचे वास्तवाशी असलेले नाते सुटू लागते, त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, म्हणजे भास होतात. कोणी आपल्या मागावर आहे, असा पक्का आणि कशानेही न हलणारा समज होतो; तो भ्रम. विचारांचा धागा तुटतो. स्किझोफ्रेनिया हे याचे एक कारण, एकमेव नव्हे. त्याची सुरुवात बहुधा सोळा-सतराव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या काळात होते. मेंदूतील डोपामीन या रसायनाच्या कामातला बिघाड त्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक औषधे तेथेच काम करतात. आनुवंशिकतेचा वाटा आहे, ताणाचा आणि गांजासारख्या व्यसनाचाही आहे. आईच्या वागण्याने हा आजार होतो, ही जुनी कल्पना टाकून दिली गेली आहे.

उणीव पहिली : आपण उशिरा पोचतो

‘देवराई’त शेष उपचारांपर्यंत येतो, तेव्हा तो चांगला मोठा माणूस आहे आणि आजार मुरलेला आहे. कथेच्या दृष्टीने हे ठीक. पण पाहणाऱ्याच्या मनात ठसते ते असे, की आजार म्हणजे हे असे पूर्ण भडकलेले रूप. त्याची पहिली चाहूल कशी असते, हे आपल्याला फारसे कळत नाही. शिक्षकाला तर नेमके तेच हवे असते.

पहिली लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जो काळ वाया जातो, त्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभर काम झाले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तरुणांच्या पहिल्या झटक्यासाठी वेगळे केंद्र सुरू केले. पण आपल्या कामाचे उदाहरण आहे नॉर्वेतील रोगालँड भागाचे. तेथे १९९७ ते २००० या काळात मोहीम झाली. वर्तमानपत्रांत व रेडिओवर माहिती दिली, डॉक्टरांना सांगितले आणि शाळांत जाऊन शिक्षकांनाही लक्षणे समजावली. फोन केला की तपासणारे पथक लगेच येई. त्याआधी वाया जाणाऱ्या काळाचा मध्यक २६ आठवडे होता, तो ५ आठवड्यांवर आला. मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या. आपण दहावीला शिकवतो तोच. पुढे प्रचार थांबला, तपासणारे पथक मात्र कायम होते. तरी आकडा पुन्हा १५ आठवड्यांवर गेला! म्हणजे दवाखाना उघडा ठेवणे पुरेसे नाही. मुलाला ओळखणाऱ्या माणसांना काय पाहायचे ते माहीत असावे लागते, आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

कासारवाडीसारख्या ठिकाणी याला आणखी एक अर्थ आहे. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला पुणे-मुंबई रस्ता, आणि चारी बाजूंना पिंपरी, भोसरी, चाकणपर्यंत पसरलेले कारखाने. आमच्या मुलांचे वडील पाळ्यांत काम करतात. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, मग रात्रपाळी. आई सकाळी कामावर. झोपेचे चक्र उलटे होणे ही या आजाराची एक नेहमीची चाहूल. पण ज्या घरात कोणी ना कोणी दिवसा झोपलेलेच असते, तेथे मुलगा रात्रभर जागा आहे हे कोणाच्या लक्षात येणार? त्याला रोज पाच-सहा तास उजेडात पाहणारे आपणच. शिवाय हेच वय आयटीआयचे, शिकाऊ उमेदवारीचे, कंपनीत पाय रोवण्याचे. या वयातली दोन वर्षे हातातून गेली, तर आजार आटोक्यात आला तरी रांग पुढे निघून गेलेली असते.

उणीव दुसरी : देवराई आजारात की शेषमध्ये?

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. आजार वाढतो तशी देवराई शेषच्या भ्रमांतही शिरते. चित्रपट हे दाखवतो आणि फार सुंदर दाखवतो. पण ते इतके सुंदर दाखवतो, की रान आणि रोग यांच्यातली सीमारेषा पुसट होते. झाडांची ओढ म्हणजेच आजाराची सुरुवात, असे एखाद्याला वाटून जाते. बाईंना तेच वाटले.

वास्तविक, शेषला झपाटणारा विषय वेडगळ नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. इतरत्र नाहीशा झालेल्या वनस्पती तेथे टिकून आहेत, हे त्यांनी जगापुढे मांडले. म्हणजे शेषचा प्रश्न उत्तम होता. ‘रानाचा शत्रू माझ्या मागावर आहे’ हा भ्रम असू शकतो. ‘या रानात कोणती झाडे आहेत, ती येथेच का टिकली?’ हे कुतूहल आहे. उपचार पहिल्यावर करायचा. दुसरे जपायचे.

येथे अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९८० च्या दशकात चार्ल्स रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीची आठवण होते. तोवर मनोरुग्णाची नोंद म्हणजे दोषांची यादी असे. काय जमत नाही, काय बिघडले आहे. त्यांनी एक साधा तक्ता केला. उभ्या बाजूला जगण्याची अंगे : घर, पैसा, शिक्षण व काम, नातीगोती, आरोग्य, छंद, श्रद्धा. आडवे तीन रकाने. पहिला : आज काय आहे? दुसरा : या माणसाला स्वतःला काय हवे आहे? तिसरा : पूर्वी त्याच्यापाशी काय होते, कशाचा उपयोग झाला होता? रुग्णाशी बोलत बोलत, त्याच्याच शब्दांत हा तक्ता भरायचा आणि पुढची पावले त्यावरून ठरवायची. तरुणांमध्ये आजाराच्या सुरुवातीलाच जे उपचार आता केले जातात, त्यांत हा विचार मुरला आहे. अमेरिकेतच २१ राज्यांतील ३४ केंद्रांवर पहिल्या झटक्याच्या ४०४ रुग्णांची दोन वर्षे पाहणी झाली. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. बेताच्या मात्रेत औषधे, कुटुंबाला शिक्षण, मुलाची बलस्थाने धरून केलेला संवाद आणि शाळा-नोकरीत परतण्यासाठी मदत, असे सारे एकत्र मिळालेले रुग्ण उपचारांत अधिक काळ टिकले. त्यांचे जगणे अधिक सुधारले. ज्यांचा वाया गेलेला काळ कमी होता, त्यांना फायदा अधिक झाला. आणि त्या श्रीमंत देशातही वाया गेलेल्या काळाचा मध्यक किती होता? ७४ आठवडे. जवळजवळ दीड वर्ष.

या दृष्टीने भावे-सुकथनकर यांचाच पुढचा ‘कासव’ (२०१६) ‘देवराई’शेजारी ठेवून पाहावा. तेथे आजार वेगळा आहे, नैराश्य. पण मोडून पडलेल्या तरुणाला घरात घेणारी जानकी त्याला नावगावही विचारत नाही. उपदेश करत नाही. आजूबाजूला समुद्रकासवांच्या संवर्धनाचे काम चालू असते. माणसांत येण्याचा रस्ता उघडा असतो, त्याने यायचे तेव्हा यावे. ‘देवराई’त निसर्ग ही आजाराची प्रतिमा होती; ‘कासव’मध्ये तो बरे होण्याची जागा झाला. बारा वर्षांत दिग्दर्शकांची नजर किती पुढे गेली, ते या एका फरकातून कळते.

तिसरा रकाना कोण भरणार?

आता एक कबुली. पुढच्या प्रसंगातले काही तपशील मुलाची ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. नववीत एक मुलगा होता. प्रयोगशाळेची बंद पडलेली विजेची घंटा त्याने एका तासात चालू केली होती, आणि बिघाड कुठे होता ते फळ्यावर आकृती काढून सर्वांना समजावलेही होते. दहावीत तो बदलला. शेवटच्या बाकावर एकटा बसू लागला. वह्या अर्धवट. कपडे मळके. वर्गात झोपे. एकदा म्हणाला, “सर, स्पीकरवरून माझं नाव का घेतात?” मुले हसली. मीही हसलो. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिले : ‘अभ्यासात लक्ष नाही. उलट उत्तरे देतो.’

शाळा सुटली, तो नजरेआड झाला. सहा वर्षांनी त्याची आई मला शोधत आली. मधल्या काळात बाबाबुवा झाले होते, मारहाण झाली होती, अखेर उपचार सुरू झाले होते आणि भास कमी झाले होते. पण मुलगा भिंतीकडे तोंड करून बसे. दवाखान्यातल्या समाजसेविकेने आईला विचारले होते, ‘आजारी पडण्यापूर्वी याला काय यायचं? कशात रमायचा?’ आई म्हणाली, “मी तर दिवसभर कामावर. मला काय ठाऊक? शाळेत सर सांगतील म्हटलं.”

मी अर्धे पान लिहून दिले. घंटेची गोष्ट, फळ्यावरची आकृती, तारांचे टोक सोलण्याची त्याची पद्धतसुद्धा. लिहिताना हात कापत होता. कारण हे सारे मला तेव्हाही माहीत होते, आणि मी लिहिले होते ते दुसरेच.

त्या अर्ध्या पानाने चमत्कार झाला नाही. औषधे चालू आहेत. मध्ये एकदा त्याने ती बंद केली आणि पुन्हा झटका आला. पण ओळखीच्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात तो जाऊ लागला. पहिल्यांदा तासभर, मग अर्धा दिवस. काही महिने जातो, काही महिने जमत नाही. मालक म्हणतो, “बोलत नाही, पण हाताला चूक नाही.” डॉक्टरांनी आजारी मुलगा पाहिला होता. आजाराआधीचा मुलगा मी पाहिला होता. तिसऱ्या रकान्यातली माहिती माझ्यापाशी होती, आणि ती सहा वर्षे माझ्याकडेच पडून होती.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

बलस्थानांची भाषा गोड आहे, म्हणून तिच्यात धोकाही आहे. ‘औषध नको, त्याला आवडीचे काम द्या, आपोआप बरा होईल’ असा अर्थ कोणी काढला, तर मुलाचे नुकसान होईल. शेषला नुसती देवराई परत देऊन भागले नसते. भ्रम आणि भास आटोक्यात आणण्यासाठी औषधे लागतात. आवडीचे काम हा त्यांना पर्याय नाही. औषधाने मोकळी केलेली जागा भरायची कशाने, याचे ते उत्तर आहे.

आणि अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा येथे २८२ स्किझोफ्रेनियाग्रस्तांवर एक प्रयोग झाला. तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन रुग्णाला व कुटुंबाला मदत करत. वर्षभरात सुधारणा झाली, पण माफक. आणि तिन्ही ठिकाणी सारखी नव्हती. सगळीकडे एकच गणित लागू पडत नाही. तरीही मुरलेल्या आजारात, डॉक्टर नसलेल्या माणसांच्या हातून एवढे घडू शकते, तर सुरुवातीला किती घडू शकेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आपण काय करावे?

‘देवराई’ शिक्षकांनी जरूर पाहावा, शिक्षक-पालक सभेत दाखवावा. पण तो दाखवून दिवे लावून घरी जाऊ नये. नंतर दोन प्रश्न चर्चेला घ्यावेत : शेषचे बिघडते आहे हे सर्वांत आधी कोणाला दिसू शकले असते? आणि शेषचे काय काय आजारानंतरही शाबूत होते?

निदान करणे आपले काम नाही. दर एकटे बसणारे मूल आजारी नसते. वयात येताना मुले गप्प होतातच. पण काही आठवडे चाललेला, मूळ स्वभावाशी न जुळणारा बदल दिसला, म्हणजे अभ्यासात एकाएकी घसरण, मित्र तुटणे, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, झोप उलटी, विनाकारण संशय, कोणाचेतरी बोलणे ऐकल्यासारखे वागणे, तर हसू नये, वाद घालू नये आणि वाटही पाहू नये. पालकांना एकट्याने भेटावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो द्यावा. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, तेथे जायला सांगावे. जमल्यास सोबत जावे.

आणि प्रत्येक वर्षअखेरी, प्रत्येक मुलासाठी, एक ओळ लिहून ठेवावी. गुणांची नव्हे. ‘घंटा दुरुस्त करतो.’ ‘लहान मुलांना गोष्टी छान सांगते.’ ‘पाखरांची नावे ओळखतो.’ बहुतेकांच्या बाबतीत ती ओळ कधीच लागणार नाही. ज्याच्या बाबतीत लागेल, त्याचा तिसरा रकाना कोरा राहणार नाही.

बाईंना मी दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणालो, “जंगल काढायचं नव्हतं. जंगलात शिरलेली भीती काढायची होती.” त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, “आपल्या नववीतला तो... हल्ली फार गप्प असतो. पूर्वी बासरी वाजवायचा ना?”

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघे त्याच्या बाकाशी जाऊन बसलो.